निकाल ठरलेला असतो, म्हणूनच गोष्ट सांगता येते

रेसलिंगचा, म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या WWE सारख्या कुस्तीच्या खेळाचा, विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. निकाल आधीच ठरलेला, त्यामुळे मॅचमध्ये गोष्ट असूच शकत नाही. जी काही गोष्ट असते ती मॅचआधी माइक घेऊन होणाऱ्या भांडणांत; मॅच म्हणजे नुसत्या उड्या आणि डावांची यादी. प्रेक्षकाला त्यात काही स्थान नाही, तो फक्त फसतो. लागत तर कोणालाच नाही. आणि शेवटी ठरलेला टोला: आपली लाल मातीतली कुस्ती खरी, ही सगळी नुरा कुस्ती.

हे वाचून माना डोलावणाऱ्यांत समंजस माणसंही असतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

निकालापासून सुरुवात करू. तो ठरलेला असतो हे खरं आहे आणि ते कोणी लपवतही नाही. फेब्रुवारी 1989 मध्ये व्हिन्स मॅकमॅहनच्या WWF (आजची WWE) या कंपनीने अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःच सांगून टाकलं की आमच्याकडे होते ती स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. खेळावर लागणारा कर आणि क्रीडा खात्याची देखरेख त्यांना टाळायची होती. म्हणजे हा मजकूर ज्या गुपिताचा गौप्यस्फोट करतो, ते सरकारदरबारी नोंदवून पस्तीसहून जास्त वर्षं झाली.

पण निकाल ठरला म्हणून गोष्ट संपली, हा तर्क मला पटत नाही. कोकणातल्या जत्रेत रात्रभर दशावतार बघत बसणाऱ्याला दैत्य शेवटी मरणार हे ठाऊक असतं. आख्यान कुठलं लावायचं ते नट आधी ठरवतात, संवाद मात्र रंगमंचावर उभ्याउभ्या सुचत जातात, आणि लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. रिंगमध्येही बहुतेकदा असंच चालतं. कोण जिंकणार, शेवट कुठल्या डावाने होणार आणि मधले दोन-चार मोठे प्रसंग एवढं आधी ठरतं. बाकीचं दोघं पकडीत असताना एकमेकांच्या कानाशी कुजबुजून जुळवतात. प्रत्येकाची रीत वेगळी, अर्थात. रँडी सॅव्हेजने 1987 च्या रेसलमेनियातली, म्हणजे याच कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमातली, रिकी स्टीमबोटबरोबरची मॅच डावान्‌डाव आधी लिहून काढली होती आणि दोघांनी ती पाठ केली होती. पंधराएक मिनिटांची ती मॅच आजही नवे रेसलर अभ्यासतात.

निकाल माहीत असूनही काळजाला हात घालणारी मॅच बघायची असेल तर 28 मार्च 2010 ची बघा. अंडरटेकर विरुद्ध शॉन मायकल्स. अंडरटेकर तोवर रेसलमेनियात एकदाही हरला नव्हता, आणि मायकल्स हरला तर त्याला कायमचं निवृत्त व्हायचं होतं. मायकल्स हरणार असा अंदाज बहुतेकांनी बांधलाच होता. शेवटाकडे अंडरटेकरचा टूमस्टोन, म्हणजे माणसाला उलटा धरून डोक्यावर आपटण्याचा हुकमी डाव, खाऊनही मायकल्स पिनमधून, म्हणजे खांदे जमिनीला टेकलेले असताना पंच तीन मोजायच्या आत, सुटतो. अंडरटेकर गळा चिरण्याची आपली खूण करायला जातो आणि थांबतो. खाली पडलेल्या माणसाला आणखी मारायचं त्याच्या जिवावर येतं. तो त्याला उठू नकोस म्हणतो. मायकल्स त्याच्याच अंगाला धरून वर सरकतो, तीच गळा चिरायची खूण त्याच्या तोंडासमोर करतो आणि खाडकन थोबाडीत मारतो. मग दुसरा टूमस्टोन, या वेळी उडी मारून, आणि खेळ संपतो. कोण जिंकणार हा प्रश्न तिथे उरलाच नव्हता. हा माणूस कसा हरणार, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्या थोबाडीत मिळालं. दया नको, शेवट हवा. ज्या खेळाचा निकाल कोणाच्याच हातात नसतो, त्या खेळात असं हरणं रचता येत नाही.

आता माइकचा मुद्दा, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. भाषणं महत्त्वाची असतातच. भांडण कशावरून आहे हे तिथे कळतं. पण त्या भांडणाने माणूस बदलतो तो दोरांच्या आत, आणि याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा म्हणजे 23 मार्च 1997 ची रात्र. शिकागोजवळचं रोझमाँट, तेरावा रेसलमेनिया, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन.

ब्रेट तेव्हा वर्षानुवर्षांचा सज्जन नायक. ऑस्टिन शिवराळ, कोणाचीच भीड न ठेवणारा खलनायक. पण त्या हिवाळ्यात ब्रेट सारखा तक्रार करत होता. जानेवारीतल्या रॉयल रंबलमध्ये, म्हणजे दोरांवरून बाहेर पडलेला बाद होतो अशा अनेकांच्या लढतीत, त्याने ऑस्टिनला दोरांवरून बाहेर फेकलं, पंचांचं लक्ष दुसरीकडे होतं, ऑस्टिन गुपचूप परत आत शिरला आणि त्यानेच ब्रेटला बाहेर काढलं. तक्रार रास्तच होती. तरी ती पुन्हा पुन्हा ऐकून लोक कंटाळायला लागले होते, आणि तोंडावर काय ते बोलणारा ऑस्टिन त्यांना आवडायला लागला होता. इथपर्यंतचं काम माइकने केलं, हे मान्य.

मॅचची अट अशी होती की समोरच्याकडून हार कबूल करून घ्यायची, पिन करून जिंकता येणार नाही. पंच म्हणून केन शॅमरॉक उभा होता, खऱ्या पिंजऱ्यातल्या लढतींतून आलेला, म्हणजे खरी पकड ओळखणारा माणूस. दोघं सुरुवातीला प्रेक्षकांत घुसून मारामारी करतात. रिंगमध्ये परतल्यावर ब्रेट ऑस्टिनच्या एका पायाच्या मागे लागतो. गुडघ्यावर घाव, खांबाला गुंडाळून पाय पिळणं, मग खुर्ची. ऑस्टिन उलट हल्ला करतो तेव्हाही त्या पायाचं दुखणं विसरत नाही. बसलेला मार अंगावर वागवत राहण्याला या धंद्यात सेलिंग म्हणतात, आणि माझ्या मते रेसलिंगमधली निम्मी गोष्ट तिथेच असते. ज्याचा पाय दहा मिनिटं पिळलाय तो अकराव्या मिनिटाला हरणासारखा धावला, तर आधीची दहा मिनिटं खोटी ठरतात. ऑस्टिनने ती खोटी ठरू दिली नाहीत.

मग रिंगबाहेर त्याचं कपाळ फुटतं. ते रक्त खरं होतं. चेहरा लाल, पाय निकामी, तरी ऑस्टिन एक वायर घेऊन ब्रेटचा गळा आवळतो. ब्रेट हाताला लागलेली रिंगची घंटा त्याच्या डोक्यात घालतो आणि शार्पशूटर लावतो, पाय गुंफून माणसाला पालथा पाडून कंबर मोडणारा त्याचा हुकमी डाव. ऑस्टिन हातांवर शरीर उचलतो. क्षणभर पकड सुटतेय असं वाटतं. ब्रेट पुन्हा खाली बसतो. ऑस्टिनच्या दातांच्या फटीतून रक्त येतंय, शॅमरॉक विचारतोय, आणि हार मानल्याचा शब्द काही निघत नाही. शेवटी तो बेशुद्ध पडतो. शॅमरॉक मॅच थांबवतो.

कागदावर ब्रेट जिंकला. पण अट होती हार कबूल करून घेण्याची, आणि ती कबुली त्याला मिळालीच नाही. याहून नेमका शेवट मला तरी माहीत नाही. विजय एकाचा, मान दुसऱ्याचा, आणि दोन्ही त्या एकाच अटीतून निघालेले. मॅच संपल्यावरही ब्रेट बेशुद्ध माणसाच्या त्याच पायावर लाथा घालत राहतो, तेव्हा शॅमरॉक त्याला कंबरेला धरून आपटतो. ब्रेट त्याच्यासमोर उभा राहतो, मग माघार घेऊन निघून जातो, आणि त्याच्या जाण्यावर हुर्यो उठते. इकडे ऑस्टिन मदतीला आलेल्या पंचालाच स्टनर हा आपला हुकमी डाव मारतो आणि एकटा लंगडत मागे जातो, त्याच्या नावाच्या गजरात. वीस-बावीस मिनिटांत नायक खलनायक झाला आणि खलनायक नायक. माइक कोणी हातातही घेतला नाही.

मॅच म्हणजे डावांची यादी, असं म्हणणाऱ्यांना सांगायचं तर चांगल्या मॅचची गंमत न लागलेल्या डावांत असते. जपानमधल्या काझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगाच्या मॅचेस घ्या. 4 जानेवारी 2017 ला टोकियो डोममध्ये दोघं 46 मिनिटांहून जास्त लढले, आणि ओमेगाला त्याचा अखेरचा डाव, वन विंग्ड एंजल, एकदाही लावता आला नाही. प्रत्येक प्रयत्न ओकाडाने हाणून पाडला. जूनमध्ये ओसाकात तो डाव एकदाचा लागला, पण ओकाडाचा पाय दोरावर गेल्याने पिन मोजली गेली नाही आणि 60 मिनिटांनी सामना बरोबरीत सुटला. ऑगस्टमध्ये तो रिंगच्या मधोमध लागला, आणि ओमेगा जिंकला. एका डावाभोवती आठ महिन्यांची गोष्ट. तो पहिल्याच रात्री तीनदा लागला असता आणि तीनदा ओकाडा त्यातून सुटला असता, तर ऑगस्टमध्ये हाती काहीच उरलं नसतं.

आणि डाव मोजायचेच म्हटले तर 1987 च्या त्याच रेसलमेनियात हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची मॅच नापासच करावी लागेल. आंद्रेच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालेली, त्याला धड हलताही येत नव्हतं. पण सुरुवातीलाच होगन त्याला उचलायला जातो, वजन पेलत नाही, आणि आंद्रे त्याच्या अंगावर कोसळतो. बारा मिनिटांनी होगन पुन्हा तेच करायला जातो तेव्हा सगळ्या स्टेडियमला पहिली चूक आठवत असते. एक फसलेली उचल आणि एक जमलेली. एवढ्यावर ती मॅच चाळीस वर्षं टिकली आहे. याउलट आजकाल बऱ्याच मॅचेसमध्ये अखेरचे डाव ओळीने मारले जातात आणि समोरचा ओळीने सुटतो. अशा मॅचेसना कोणी यादी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. तो त्या मॅचेसचा दोष आहे, कलेचा नव्हे.

प्रेक्षक फक्त फसतो, हे वाक्य 17 मार्च 2002 च्या टोरोंटोने कधीच खोडून काढलंय. द रॉक विरुद्ध हल्क होगन. कागदावर रॉक नायक आणि होगन खलनायक होता. स्कायडोममधल्या 68,237 लोकांना ते मंजूर नव्हतं. लहानपणी ज्याच्यासाठी ओरडले त्याच्याच बाजूने ते उभे राहिले आणि रॉकवर हुर्यो उडवली. अशा वेळी कच्चा रेसलर ठरलेलंच रेटत राहतो. या दोघांनी कान उघडे ठेवले. रॉकने वागण्यात थोडी मग्रुरी आणली, होगनने आपली जुनी, मार खाऊन अंगात वारं संचारल्याची अदा बाहेर काढली. निकाल बदलला नाही, रॉकच जिंकला. पण गोष्ट कोणाची हे लोकांनी ठरवलं, आणि शेवटी दोघांनी हात मिळवले तेव्हा होगन खलनायक उरला नव्हता. सिनेमागृहात बसून पडद्यावरचं पात्र असं फिरवता येत नाही.

लागत नाही, या मुद्द्याचा मात्र राग येतो. रिंगमध्ये वर कापड, खाली पातळ गादी, तिच्याखाली लाकडी फळ्या आणि लोखंडी तुळया असतात. ऑगस्ट 1997 मध्ये ओवेन हार्टचा एक पाइलड्रायव्हर (माणसाला उलटा धरून डोक्यावर आपटण्याचा डाव) चुकला आणि ऑस्टिनच्या मानेला अशी इजा झाली की काही वेळ त्याला हातपाय हलवता येईनात. त्याने कसंबसं सरपटत ओवेनला पिन केलं आणि मॅच ठरल्याप्रमाणे संपवली, पण ती मान पुढे त्याची कारकीर्द घेऊन गेली. जपानचा मित्सुहारू मिसावा जून 2009 मध्ये हिरोशिमात एका सुप्लेक्सनंतर, म्हणजे उचलून मागे आपटण्याच्या डावानंतर, उठलाच नाही. त्याच रात्री तो गेला. मात्र याच्या उलट टोकाला जाणाऱ्या चाहत्यांशीही माझं जमत नाही. 1998 मध्ये मिक फोली पिंजऱ्याच्या छतावरून खाली टेबलावर पडला, ते दृश्य जगभर फिरलं, आणि तेव्हापासून धोका वाढला की गोष्ट वाढते असा समज रुजला. दोन रेसलर एकमेकांचं शरीर सांभाळत, बघणाऱ्याला मात्र मार बसल्याचं पटवत मॅच करतात, यातच कौशल्य आहे. ब्रेट हार्टला अभिमान होता तो याचाच: आपल्या हातून समोरच्याला मोठी दुखापत झाली नाही.

राहिली नुरा कुस्ती. नुरा कुस्तीत गुन्हा निकाल ठरवण्याचा नसतो, लपवण्याचा असतो. खासबागेत तिकीट काढून बसलेल्या माणसाला दोन पैलवान जिंकायला उतरलेत असं सांगितलेलं असतं, आणि ते खोटं निघालं तर ती त्याची फसवणूक. रेसलिंग बघणाऱ्याला असं कोणी सांगितलेलं नाही. हे खूळ केबलने आणलं, असंही तो मजकूर सुचवतो. त्याच्या कितीतरी आधी मुंबईत दारा सिंग आणि किंग काँगच्या फ्रीस्टाइल लढती गर्दी खेचत होत्या. दारा सिंग मुळात आखाड्यातले पैलवान. तालमीत घडलेलं शरीर घेऊन ते फ्रीस्टाइलच्या रिंगमध्ये उतरले, आणि म्हणून आखाडा कमअस्सल ठरला असं तेव्हा कोणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.