आज बेनिनचा राष्ट्रीय दिवस, आणि आपण शिव्या देतोय

सकाळपासून फोनवर अण्णाभाऊंची जयंती आणि टिळकांची पुण्यतिथी, दोन्हींचे फोटो येताहेत. मीही पाठवले. त्यातच एका बातम्यांच्या पेजवर भारतानं बेनिनला राष्ट्रीय दिनाच्या शुभेच्छा दिल्याची पोस्ट दिसली. दोन झेंडे, मैत्री, सहकार्य, नेहमीचं सगळं. पुढं सरकणारच होते, पण खालच्या कॉमेंट वाचल्या आणि डोकं फिरलं.

‘इथं शेतकरी फास घेते, आन् सरकार काळ्यायले पैसे वाटते.’ हे लिहिणारा पोरगा आपल्याच तालुक्यातला. खाली हसण्याच्या खुणांची रांग, त्यात आपल्या ओळखीचेही आहेत. नावं घेत नाही, ज्यांनी केलं त्यांना कळेल. निंदणाच्या बाया वावरात पोचल्या आणि मी अजून ओट्यावर बसून हे टाइप करतेय, कारण आज गप्प बसवत नाही.

काही वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, दुसरी वेचणी चालू असताना नागपूरला प्रशिक्षणाला आलेल्या आफ्रिकेतल्या पाहुण्यांची गाडी आमच्या शिवारात आणली होती. नारळ झाले, शाली झाल्या, भाषण झालं. बाकीचे पाहुणे कडुनिंबाखाली खुर्च्यांवर बसले. एक जण मात्र, बेनिनच्या शेतीखात्यातला माणूस, कडक इस्त्रीच्या शर्टात, सरळ वावरात शिरला आणि आमच्या सासूबाईंच्या शेजारच्या तासाला लागला. फुटलेल्या बोंडात बोटं अशी घातली की सगळा कापूस एका झटक्यात हातात, वाळलेली पत्ती एक चिकटली नाही. किडकं बोंड लागलं तर त्यातली कवडी, म्हणजे खराब पिवळा कापूस, दुसऱ्या मुठीत, वेगळी. आमच्या घरची पोरं अजून कवडी चांगल्या कापसात मिसळतात. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघतच राहिल्या. मला म्हणाल्या, ‘अवो, याले तं येचता येते वो!’

दुभाष्यानं सांगितलं, हे लहानपणापासून आईसोबत वेचायचे.

आता हा माणूस त्या कॉमेंटमधला ‘काळा’. ज्याला पैसे वाटले म्हणून आपल्या पोटात दुखतंय.

अरे, बेनिन कुठं आहे ते तरी बघा आधी. पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियाला लागून, एक चिंचोळा देश. 1 ऑगस्ट 1960 ला फ्रेंचांच्या राज्यातून सुटला. तेव्हा त्याचं नाव दाहोमी होतं, बेनिन हे नाव 1975 मध्ये आलं. कापूस हेच त्यांचं मोठं नगदी पीक. पावसाच्या भरवशावर, लहान लहान शेतकऱ्यांचं, हातानं वेचलेलं. ओळखीचं वाटतंय ना? त्यांच्याकडचा कापूस फ्रेंचांसाठी, आपला वऱ्हाडचा इंग्रजांसाठी. आपली यवतमाळकडची शकुंतला रेल्वे काय आपल्याला लग्नकार्याला न्यायला बांधली होती? कापूस न्यायलाच ना!

आणि पैसे वाटले म्हणजे काय वाटलं, तेही ऐका. 2011 मध्ये अदिस अबाबाला भारत आणि आफ्रिकी देशांची शिखर परिषद झाली. त्यानंतर 2012 पासून बेनिन, बुर्किना फासो, माली, चाड, नायजेरिया, युगांडा आणि मलावी या सात देशांसाठी भारताचा कापसाचा तांत्रिक मदतीचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात नोटांची बंडलं नव्हती. तिथली माणसं इथं आली, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत, जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या, प्रशिक्षण केंद्रात शिकली. बेनिनमध्ये बोहिकॉनला जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. आपल्याकडं शिकलेला माणूस तिकडं गेला की नागपुरात तयार होणाऱ्या डबल रोलर जिनलाच, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रालाच, गिऱ्हाईक मिळतं. त्या कारखान्यांत कोणाची पोरं कामाला आहेत? बेनिनची का?

त्या पाहुण्यानं जाताना आणखी एक केलं. चिमूटभर कापूस घेतला, सरकी काढली, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, एकावर एक ठेवून पुन्हा ओढला, आणि डोळ्यांजवळ नेऊन धाग्याची लांबी बघितली. आपल्या जिनिंगमधले जुने ग्रेडर करायचे, अगदी तसंच. मग मान हलवली. चांगला आहे म्हणे तुमचा माल.

इतक्या आदरानं आमच्या कापसाकडं खरेदी केंद्रावर कधी कोणी बघितलं नाही. तिथं गाडी लावली की आधी ओलावा, मग पत्ती, मग ‘उद्या या’.

‘शेतकरी फास घेते’ म्हणणाऱ्यांना सांगते, आमच्या भिंतीवर माझ्या दिराचा फोटो आहे. त्याच्या नावानं दुसऱ्या गरिबाला शिव्या घालायचा अधिकार मी कोणाला दिलेला नाही. त्याला बेनिननं मारलं नाही. राग काढायचा तर नीट जागी काढा. 2025 च्या ऑगस्टमध्ये, आपल्या पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडांना, पात्या (कळ्या) लागत होत्या तेव्हा, विदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेर म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. म्हणजे नेमकी आपली पहिली-दुसरी वेचणी घरात यायची वेळ. लांब धाग्याला हमीभाव क्विंटलला 8110 रुपये कागदावर होता, आणि खेड्यात व्यापाऱ्यानं किती लावला ते तुम्हीच आठवा. तेव्हा हे कॉमेंटवाले कुठं होते? एकानं तरी तहसीलवर येऊन बसायचं होतं.

अमेरिका आपल्या कापूस उत्पादकाला सबसिडी देते आणि जगाच्या बाजारात भाव पाडते, हे आपल्याकडच्या शेतकरी चळवळीनं किती वर्षं सांगितलं. 2003 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत याच बेनिननं बुर्किना फासो, माली आणि चाडसोबत त्या सबसिडीविरुद्ध आवाज उठवला. मेक्सिकोतल्या कानकूनला झालेल्या संघटनेच्या परिषदेत हा विषय गाजला. चार गरीब देश आणि समोर अमेरिका! 7 ऑक्टोबरला आपण जागतिक कापूस दिनाचे फोटो टाकतो ना, 2019 पासून सुरू झालेला तो दिवसही याच चार देशांच्या पुढाकारानं आला. आपल्या भांडणात आपल्या बाजूनं उभा राहिलेला माणूस आहे तो.

हो, बेनिन-मालीचा कापूसही आपल्या गिरण्यांत येतो, आणि गरीब देशांसाठी 2008 मध्ये जी सवलत दिली तिच्यात तो बिनशुल्क येतो. मान्य. आपल्याला ते टोचतंच. पण शुल्क काढल्यावर त्याच रांगेत अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाही आले, त्यांच्यावर तुमची कॉमेंट दिसली नाही मला. गोऱ्यांवर हसायची खूण टाकायला बोट वळत नाही का?

त्या पाहुण्याला आमच्या सासऱ्यांनी भावाचं विचारलं होतं. तो म्हणाला, आमच्याकडं पेरणीआधी भाव जाहीर होतो, देशभर एकच, बी आणि खत उधारीवर मिळतं आणि कापूस घेताना ते कापून घेतात. सासरे एकदम उठून बसले. 1972 ला सुरू झालेली आपली एकाधिकार कापूस खरेदी, सगळा कापूस सरकारलाच घालायचा ती, त्यांनी पाहिली आहे, हप्त्या-हप्त्यानं मिळणारे पैसेही पाहिलेत. त्यांनी विचारलं, पैसे वेळेवर भेटतात का? पाहुणा हसला आणि म्हणाला, दर वर्षी नाही. मग दोघं बराच वेळ हसत होते, दुभाष्याची गरजच राहिली नाही.

सासूबाईंचा प्रश्न वेगळाच. ‘तुमच्याकडं बाईच्या नावानं वावर असते का?’ तो थोडा थांबला. म्हणाला, फार थोड्या जणींच्या नावानं असतं, कष्ट मात्र त्याच करतात. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी घरात जाऊन गुळाचा चहा आणला, आमच्या घरातल्या चांगल्या कपात.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या पोराला मी लहानपणापासून ओळखते, मनानं वाईट नाही तो. घरी पाच एकर कोरडवाहू, भाऊ पुण्याला, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. त्याचं दुखणं खरं आहे. गावात कृषी सहायक दिसत नाही, गुलाबी बोंडअळीचे सापळे कधी लावायचे ते आपण यूट्यूबवर बघतो, 2017 मध्ये फवारणीनं यवतमाळ जिल्ह्यात माणसं मेली तेव्हा कुठं हातमोजे आणि मास्कची चर्चा झाली. बेनिनच्या माणसाला नागपुरात बसवून शिकवता, तर नागपूरपासून एका दिवसाच्या वाटेवरच्या आमच्या बायांना का नाही, हा प्रश्न त्यानं विचारला असता तर मी पहिली त्याच्या मागं उभी राहिले असते. पण ‘त्यांना देऊ नका’ आणि ‘आम्हालाही द्या’ यात फरक आहे की नाही?

आम्ही अजून वेचणी झाल्यावर उरलेली वाळकी पऱ्हाटी चुलीत घालतो, नाहीतर धुऱ्यावर पेटवून देतो. तिच्यावर अळंबी घेता येते, तिच्या जळणाच्या कांड्या करून विकता येतात, हे त्या पाहुण्यांना नागपुरात शिकवलं होतं. आमच्या दारात रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगाकडं बघून त्यानंच आम्हाला सांगितलं. आपल्याच नागपुरातली विद्या आम्हाला बेनिनच्या माणसाकडून कळली! त्याचा काय दोष त्यात? उलट त्यानं सांगितलं तरी.

आमच्या बचत गटातल्या बाया तयार आहेत. पऱ्हाटीवरच्या अळंबीचं शिकायला नागपूरला कुठं आणि कोणाला अर्ज करायचा, गटाला घेतात का, कोणाला माहीत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. वेचणी सुरू व्हायच्या आत जायचं आहे. गाडीभाडं आम्ही गटातून काढू.