‘अनामिक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मुतखड्याच्या युरेटेरोस्कोपीवर, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून खडा काढण्यावर, लिहिलेल्या लेखाखाली तुमची कमेंट वाचली. "ना चीर ना टाका म्हणून लोकांना भुलवता, स्टेंटचा छळ मात्र मुद्दाम लपवता, किती कमिशन मिळतं?" असं लिहिलंय तुम्ही. पुढे मोठ्या खड्यांना हे चालत नाही, खडे परत होतातच, असंही बरंच काही आहे.

मतभेद असू देत हो, पण कमिशन? स्वतःचं नाव न लावता असलं लिहायला काय जातं म्हणा! "स्टेंटबद्दल अजून लिहा" एवढं सरळ म्हणाला असतात तर त्याच दिवशी लिहिलं असतं.

आणि लपवलं कुठे? लेखात त्यावर एक ओळ आहे. एक ओळ कमी पडली, मान्य, पण कमी लिहिणं वेगळं आणि लपवणं वेगळं. आता घ्या सविस्तर. दुर्बीण लघवीच्या वाटेनेच वर जाते, लेझरने खडा फोडला की मूत्रवाहिनीला सूज येते, त्या सुजेने लघवी तुंबू नये म्हणून किडनीपासून मूत्राशयापर्यंत मऊ नळी, म्हणजे डीजे स्टेंट, काही दिवस ठेवतात. सगळं सुरळीत झालं असेल तर काही सर्जन ठेवतही नाहीत. त्रास होतो, सारखी लघवीला लागते, जळजळ होते, लघवी लालसर येते, करताना कमरेत कळ जाते. टॅम्सुलोसिनसारख्या गोळीने बऱ्याच जणांना बरं वाटतं. थंडी वाजून ताप आला तर मात्र घरी थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल. आणि नळी काढून घ्यायला विसरायचं नाही, महिनोन्महिने राहिली तर तिच्यावरच खडे जमतात.

हे मी कुठून उचललेलं नाही. माझ्याच अंगात होती ती नळी, रात्री उठून उठून वैताग आला होता, पण त्याआधी खडा अडकल्यावर जमिनीवर अक्षरशः लोळलोय मी, त्यामुळे पुन्हा वेळ आली तर नळीच घेईन. तुम्हाला स्वतःला यातलं काही झालंय का? तेवढं मात्र लिहिलं नाहीत.

बाकीचं काय, तर किडनीतला २ सेंटिमीटरच्या वरचा खडा असेल तर सहसा पाठीतून छिद्र करून खडा काढतात, म्हणजे पीसीएनएल करतात, हे मलाही माहितीये. माझा लेख मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्यावर होता, शीर्षक तरी वाचायचंत. आणि दुर्बिणीने खडे परत होणं थांबतं असं मी कधी म्हटलं?

पुढची कमेंट नावानिशी टाका, नाहीतर अप्रूव्ह करणार नाही.