ऊर्जेचा स्रोत

यंदा ज्वालामुखी आणायचा नाही, असं शाळेनं सक्त बजावलं होतं. गेल्या विज्ञान प्रदर्शनात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचे इतके उद्रेक झाले की प्रमुख पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावूनच भाषण उरकलं. खरं म्हणजे आम्हा बेळगावकरांना त्या शंकूचं एवढं आकर्षण का, कळत नाही. आपल्या पायाखालचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाच. पण तो लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून पसरला. टोकातून लाल फेस वगैरे प्रकार इकडं झालाच नाही. पण भेगेचं मॉडेल बघायला कोण थांबणार!

या बंदीनं मुलांचं काही बिघडलं नाही, आईबापांचं मरण ओढवलं. ज्वालामुखी अर्ध्या तासात होतो, आणि बिघडला तरी बिघडलाय हे कुणाला समजत नाही.

आमची कन्या सातवीत. ती म्हणाली, "पप्पा, गोकाकचा धबधबा करूया. पाण्यावर लाइट लावायची." गोकाकला घटप्रभा सुमारे 52 मीटरवरून उडी घेते आणि 1887 सालीच तिथं पाण्यावर वीज तयार केली होती, हे तिला बाईंनी सांगितलं होतं. लगोलग कामाची वाटणी झाली. कल्पना तिची, थर्माकोल माझा.

मी पतसंस्थेत कारकून. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. म्हणून गल्लीतल्या वायरमन अण्णांना गाठलं. त्यांनी मोडक्या खेळण्यातल्या गाडीची मोटार हातात ठेवली.

"अण्णा, मला वीज करायचीय. ही तर वीज खाणारी."

"तीच की ओ! करंट दिलासा तर फिरतंय, फिरवलासा तर करंट देतंय. बघा की."

हेच 1831 मध्ये फॅरेडेनं लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं घेऊन दाखवलं होतं, पण अण्णांइतक्या थोडक्यात नसावं.

आता चाक. कपाटात आमच्या लग्नाची सीडी होती. ती चालवणारं यंत्र घरातून जाऊनही जमाना झाला. तिच्या कडेनं प्लॅस्टिकचे चमचे चिकटवले. "चला, कशाच्या तरी उपयोगाला आली," एवढंच बायको म्हणाली. लग्नाबद्दल म्हणाली की सीडीबद्दल, ते मी विचारलं नाही.

चाक फिरलं, दिवा लागेना. लाल एलईडीला दोनेक व्होल्ट लागतात आणि सावकाश फिरणारी मोटार त्याच्या निम्मेही देत नाही. मग चाकाला मोठी कप्पी, मोटारीला बारकी कप्पी आणि दोन्हींवर रबर, म्हणजे चाक एकदा फिरेपर्यंत मोटारीच्या बऱ्याच गिरक्या. तरीही अंधारच. एलईडी एकाच दिशेनं आलेला करंट घेते, आणि आमची एलईडी चाक उलटं फिरवलं तरच पेटत होती. म्हणजे धबधबा खालून वर गेला असता तर आम्ही केव्हाच जिंकलो होतो. अण्णांनी दोन वायरींची अदलाबदल केली आणि लाल ठिपका लुकलुकला. आईनं देव्हाऱ्यातून येऊन त्यालाही हात जोडले.

मॉडेल स्कूटरवरून नेलं. मी पुढं, कन्या मागं, मध्ये गोकाक. काँग्रेस रोडवरून वळलो आणि दुसरं रेल्वे गेट पडलं. तिथं ताटकळलेल्या समस्त जनतेनं धबधब्याची चौकशी केली. एका आजोबांनी "गणपती यंदा लवकर आणलासा!" म्हणून नमस्कारही केला.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर. आणि नळाला पाणी नाही. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाला, ज्याचे अध्यक्ष गांधीजी होते, पाणी कमी पडू नये म्हणून याच टिळकवाडीत विहीर खणली होती. विज्ञान प्रदर्शनासाठी तशी दूरदृष्टी कुणी दाखवली नव्हती. मी खालच्या टाकीतून बादल्या वाहू लागलो. पंधरा लिटरची बादली सहा मीटर चढवली की तिच्यात सुमारे नऊशे ज्यूल जमा होतात. टेबलावरून मीटरभर पडताना त्यातले दीडशेच उपयोगात येतात. खरं तर एलईडीची भूक लक्षात घेता तेवढ्यात ती तासभर जळायला हवी. प्रत्यक्षात बादली संपली की दिवा संपला. बाकीची ऊर्जा शिंतोडे, रबराचं घर्षण आणि शेजारच्या स्टॉलवरचं चांद्रयान भिजवणं यांत गेली. चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर पाणी असल्याचा तो बहुधा सर्वांत ठोस पुरावा असेल, पण चांद्रयानवाल्या मुलाची आई शास्त्रीय चर्चेच्या मनःस्थितीत नव्हती.

परीक्षक आले तेव्हा मी नेमका जिन्यात. कन्येनं त्यांना घटप्रभेच्या उगमापासून सुरुवात करून थोपवून धरलं. आधी मराठीत, ते संपल्यावर तेच कन्नडात, तेही संपल्यावर तक्ता उलटा करून. मी धापा टाकत बादली ओतली. चाक फिरलं. दिवा लागला. परीक्षकांनी चष्मा वर केला.

"शक्ती एल्लिंद बरतद?" म्हणजे ऊर्जा येते कुठून?

पाठ केलेलं उत्तर होतं, 'उंचावरच्या पाण्यातली स्थितिज ऊर्जा'. आणखी मागं गेलं तर समुद्राची वाफ करून पाणी डोंगरावर चढवणारा सूर्य. पण कन्या खरं बोलणारी. तिनं क्षणभर विचार केला आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

"नम्म पप्पा, सर."

परीक्षकांनी मला डोक्यापासून भिजलेल्या बुटांपर्यंत न्याहाळलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

दुसरा नंबर आला. पहिला ठिबक सिंचनाला गेला. तिथं पाणी कमी लागत होतं. आता तालुका पातळीवर जायचं आहे. वर्गशिक्षिकांनी डायरीत सूचना लिहून पाठवली आहे: मॉडेल, तक्ते आणि ऊर्जेचा स्रोत सकाळी नऊला हजर हवेत.