उभी फ्रेम, आडवं कोल्हापूर

फोटोग्राफर मित्रहो, तुमचं इन्स्टाग्राम आता बघवत नाही. पहाटे उठून पन्हाळ्यावर जायचं, धुक्यातून तीन दरवाजाची कमान उमटेपर्यंत थंडीत काकडत थांबायचं, एकच फोटो आणायचा, आणि त्याला लाईक कुणाचे? घरच्यांचे, सासरच्यांचे आणि तुमची जुनी लेन्स स्वस्तात मागणाऱ्या एकाचे. त्याच दिवशी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर एखाद्या पोरानं मोबाईलवर म्हशीची रील काढलेली असते. म्हैस नुसती मान वळवते, मागं गाणं वाजतं, आणि संध्याकाळपर्यंत ती पुण्या-मुंबईच्या मोबाईलात रवंथ करत असते. म्हशीकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. तिनं कॅमेऱ्यावर एक रुपयाही घातलेला नाही.

तेव्हा आता सुधारा, रील काढा. हे मी मनाचं सांगत नाही, वरून आदेश आहे. 2010 मध्ये इन्स्टाग्राम आलं तेव्हा ते चौकोनी फोटोंचं होतं, म्हणून तुम्ही भोळेपणानं आत शिरलात. 2020 मध्ये आपल्याकडं टिकटॉकवर बंदी आली आणि काही दिवसांतच रील्स हजर झाल्या. 2021 च्या जूनमध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी सांगूनच टाकलं की हे आता फोटो शेअर करायचं ॲप राहिलेलं नाही. पुढं 2023 च्या सुरुवातीला त्यांनीच कबूलही केलं की व्हिडिओचा जरा अतिरेक झाला. पण तोवर तुमच्या गिंबलचे, म्हणजे चालताना कॅमेरा हलू न देणाऱ्या त्या दांड्याचे, हप्ते सुरू झाले होते, आणि हप्ता काही कुणाच्या कबुलीनं थांबत नाही. 2025 च्या जानेवारीत प्रोफाईलवरचे चौकोनसुद्धा उभट झाले. ज्यांनी नऊ-नऊ फोटो जुळवून प्रोफाईल सजवलं होतं, त्यांच्या ग्रुप फोटोंतले दोन्ही कडेचे मामा छाटले गेले. मामांनी कडेला उभं राहायलाच नको होतं.

आता कोणीतरी छाती काढून म्हणणार, कोल्हापूरला हलती चित्रं काय शिकवता? इथं बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला, 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली, खरी कॉर्नरला तर कॅमेऱ्याचा स्तंभच उभा आहे. सगळं मान्य. पण त्या थोर मंडळींच्या फ्रेम बघा, एकजात आडव्या. पाया तिथंच कच्चा राहिला.

रीलची फ्रेम उभी हवी, 1080 बाय 1920 पिक्सेल. इथं आपल्या गावाची थोडी अडचण आहे, ती मी लपवत नाही. कोल्हापूर आडवं आहे. रंकाळा आडवा, मसाई पठार आडवं, पंचगंगेचा घाट आडवा. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान एवढं खोलगट बांधून घेतलं, कुठंही बसलं तरी कुस्ती दिसावी म्हणून. आणि तुमच्या रीलमध्ये दिसतो एकच पैलवान. दुसऱ्याचा हात तेवढा मधूनमधून आत येतो. निकाल लागतो तेव्हा तर पंचाईतच, कारण चितपट झालेला माणूस आडवा असतो. वर आभाळ, खाली माती आणि मधे एक पोट. जिंकला कोण, हे लोकांना कॉमेंटमध्ये विचारावं लागतं. त्यानं खचू नका, कॉमेंट वाढल्या की रीच वाढतो. जिल्ह्यात उभ्या फ्रेममध्ये अख्खी मावेल अशी एकच गोष्ट आहे, जोतिबाची सासनकाठी, म्हणजे ती नाचवायची उंचच उंच काठी. ती नाचते चैत्र यात्रेत. बाकीच्या वर्षाचं तुम्हीच बघा. आणि तिथला गुलाल गिंबलच्या मोटरमध्ये शिरला की पुढच्या चैत्रापर्यंत निघत नाही.

(तांत्रिक बाब उरकून घेतो. गुलाल हवेत गोठवायला 1/1000 शटर ठेवणारे तुम्ही, आता व्हिडिओसाठी सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवायचं. उन्हात सगळं पांढरंफटक होईल, म्हणून लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर. तोही पैसे घालूनच.)

पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याला पकडायचं, याला हुक म्हणतात. अंबाबाईच्या किरणोत्सवाचंच घ्या. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. देवीची क्षमा मागून सांगतो, ही मांडणी रीलच्या दृष्टीनं साफ चुकलेली आहे. मुख पहिल्या सेकंदाला पाहिजे. तीन दिवस कोण थांबतो? त्यात कधी ढग आडवे येतात, कधी वाटेतल्या इमारती, आणि जुने फोटोग्राफर तरी पुढच्या खेपेला परत हजर. ही वाट बघायची सवय घातक आहे. तुमचं सगळं शिक्षण तिच्यावरच झालंय, हे मला ठाऊक आहे: दम धरायचा, क्षण ओळखायचा, एकदाच बटण दाबायचं. आता सगळंच घेऊन ठेवायचं आणि रात्री घरी बसून त्यात क्षण कुठं होता ते शोधायचं. सापडला नाही तर स्लो मोशन करायचं.

यातलं काहीही जमलं नाही तरी चालेल, पण तुम्ही स्वतः दिसायला पाहिजे. आजवर तुमचा धंदा न दिसण्याचा होता. चांगला फोटोग्राफर मांडवात कुठं उभा होता, हे कुणाला आठवायचंसुद्धा नाही. ही केवढी मोठी चूक! आता तुमचा व्हिडिओ काढायला एक पोरगा ठेवा. मग मांडवात पोटावर झोपा. उभं राहून फोटो निघत असला तरी झोपा. उठून कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनकडं बघा, स्वतःच्या कामानं स्वतःच थक्क झालोय असा चेहरा करा आणि ती स्क्रीन नवरीला दाखवा. तिनं तोंडावर हात ठेवायचा. नाही ठेवला तर परत दाखवा, जेवायला जाऊ देऊ नका. रीलमध्ये चाळीस सेकंद तुम्ही आणि अर्धा सेकंद फोटो, एवढं प्रमाण पुरे. फोटो जास्त वेळ दाखवला तर लोक तो बघत बसतील.

हार घालताना "परत एकदा" म्हणायला लाजू नका. मुहूर्त एकदाच असतो हे भटजींचं मत झालं, एका शॉटमधून दुसऱ्यात उडी मारायच्या ट्रान्झिशनला तीनदा लागतं. अक्षता पडताना तुम्ही, ड्रोनवाला आणि तुमचा व्हिडिओ काढणारा पोरगा असे तिघे पुढं असल्यानं पहिल्या रांगेतल्या आत्याबाईंना भाच्याचं लग्न तुमच्या पाठीवर बघावं लागतं. त्यांना प्रेमानं समजवा, "आत्या, संध्याकाळी रील येतीया की." त्या म्हणतील, "मुडद्या, मी हितंच बसलीया न्हवं?" त्यांचं मनावर घेऊ नका. त्यांचं इन्स्टाग्रामवर खातं नाही.

आता पैशांचं. अल्बमचे पैसे लोक देतात, कारण अल्बम हातात घेतला की जड लागतो. रीलला वजन नाही. नवरदेवाचा थोरला भाऊ हिशेबाला बसला की म्हणणारच, "दादा, रीलचं काय लावलंयसा ह्यात? ती तर आमचं बारकं पोरगंबी काढतंय." वाद घालू नका. बिलावर 'रील फुकट' असं ठळक लिहा आणि तेवढीच रक्कम ड्रोनवर चढवा. ड्रोन उडताना सगळ्या गावानं बघितलेला असतो, त्यावर कुणी बोलत नाही. निघताना त्या बारक्या पोराचा नंबर तेवढा घेऊन ठेवा. पुढच्या सीझनला तुमचा व्हिडिओ काढायला माणूस लागणारच आहे.