‘बेल्टला एकही चीर नव्हती, तरी बदलला’ या रिव्ह्यूला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. तुमची तक्रार थोडक्यात अशी आहे: गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, इंजिनाच्या जोरावर एसी, वॉटर पंप वगैरे फिरवणाऱ्या बेल्टला एकही चीर नसताना आम्ही तो बदलला, वर तो ताणून धरणारा टेन्शनर गळ्यात मारला आणि ‘वाटेत तुटेल’ अशी भीती घालून फोनवर होकार घेतला. चिरा नसतील तर बेल्ट चांगला, असं तुम्ही यूट्यूबवर पाहिलंत. उद्यमनगरात येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांचा समज हाच आहे, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं इथंच लिहितो.

चिरा मोजायचा नियम खोटा नाही, जुना आहे. पूर्वी हे बेल्ट निओप्रीन रबराचे यायचे. बोनेटखालच्या उष्णतेनं ते कडक व्हायचे, आडव्या चिरा पडायच्या, आणि इंचभरात तीन-चार चिरा दिसल्या की बेल्ट काढायचा, असंच आम्हीही शिकलो. साधारण २००० सालाच्या आसपास कंपन्या ईपीडीएम रबराकडे वळल्या. हे रबर उष्णतेला सहजासहजी दाद देत नाही. लाखभर किलोमीटर धावूनही त्याला चीर दिसेलच असं नाही. ते टायरसारखं झिजतं, आणि झीज वरून दिसत नाही.

तुमच्या बेल्टवर ६पीके असं छापलंय. म्हणजे आतल्या बाजूला सहा उभ्या रिब, म्हणजे बेल्टच्या लांबीभर जाणाऱ्या उंच पट्ट्या, शेजारच्या दोन रिबमधलं अंतर ३.५६ मिमी. रिबच्या उतरत्या बाजू पुलीच्या खाचेत पाचरीसारख्या घट्ट बसतात, सगळी पकड तिथं असते. रबर झिजलं की बेल्टवरची दोन रिबमधली खाच रुंद होते, ‘व्ही’चा ‘यू’ होतो, आणि बेल्ट पुलीच्या टोकावर टेकायला लागतो. मग तो घसरतो. पावसात जास्तच, कारण पाणी निघून जायला खाचेत जागा उरत नाही. आमच्या पोरानं प्लास्टिकचं गेज, म्हणजे झीज मोजायचं माप, लावून बघितलं तेव्हा ते बेल्टच्या खाचेत सैल हलत होतं. ९२,००० किलोमीटरला यात नवल काहीच नाही.

आता व्होल्टेज. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर याच बेल्टवर फिरतो, बेल्ट घसरला की चार्जिंग कमी पडतं. तुम्ही गाडी देताना सांगितलेलं की एसी लावल्यावर बॅटरीचा दिवा मधूनच लुकलुकतो, बॅटरी बदलून टाका. जुन्या बेल्टवर एसी, हेडलाइट, ब्लोअर सगळं लावल्यावर व्होल्टेज १२.७ वर येत होतं. नव्या बेल्टवर तेच सगळं लावून १४ च्या वर राहिलं. बॅटरी चांगली आहे, बदलू नका, हे मी त्याच फोनवर बोललो होतो. ते रिव्ह्यूत आलं नाही. बॅटरी विकली असती तर बिल याहून मोठं झालं असतं.

टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारा स्प्रिंगचा हात आणि त्यावरचा रोलर. इंजिन चालू असताना हा हात जवळजवळ स्थिर दिसायला हवा. तुमचा थडथडत होता, आणि बेल्ट काढून रोलर हातानं फिरवला तर खरखर ऐकू येत होती. अशा टेन्शनरवर नवीन बेल्ट टाकणं म्हणजे तोही लवकर खराब करणं. बेल्ट उतरवायला टेन्शनर ढकलावाच लागतो, त्यामुळे मजुरी एकदाच लावलीय, बिलात बघा. बेल्टला नुसतं वळण देणारा आयडलर रोलर ठीक होता, तो तसाच ठेवला.

भीती घातली म्हणता. आंबोलीमार्गे गोव्याला निघायचंय, रात्रीचा प्रवास आहे, हे तुम्हीच सांगितलंत. तुमच्या इंजिनात अल्टरनेटर, वॉटर पंप, एसी कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगचा पंप, सगळे या एकाच बेल्टवर आहेत. तो घाटात तुटला तर स्टिअरिंग जड होतं, चार्जिंग बंद पडतं, आणि पाणी फिरायचं थांबल्यामुळे काही मिनिटांत इंजिन तापतं. तसंच दामटलं तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, जातं. ही माहिती न देता गाडी पाठवायची होती का? शहरातल्या शहरात फिरणार असता तर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबा म्हणालो असतो. (हा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारा वेगळा बेल्ट, नव्हे. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. दोन्हींची सरमिसळ करून घाबरवणारेही बाजारात आहेत, ते मला माहीत आहे.)

बाकीच्यांसाठी सांगतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये तपासणीचा आणि बदलीचा टप्पा दिलेला असतो, तो आधी बघा. सकाळी स्टार्ट करताना पावसाळ्यात क्षणभर ‘चीं’ झालं आणि थांबलं तर घाई नको. रोज होत असेल, एसी लावल्यावर वाढत असेल, तर दाखवा. आवाज येणाऱ्या बेल्टवर रिबच्या बाजूनं थोडं पाणी फवारून आम्ही बघतो: आवाज वाढला तर ताण कमी, क्षणभर गेला आणि परत आला तर पुलीची सरळ रेष चुकलीय. चालत्या बेल्टजवळ घरी हात घालू नका. आणि साबण, मेणबत्ती किंवा स्प्रे मारून आवाज बंद करून देणाऱ्याला पैसे देऊ नका. आवाज जातो, बेल्ट तसाच घसरत राहतो. तेल किंवा कूलंट बेल्टवर गळत असेल तर मात्र किलोमीटर बघायचे नाहीत. रबर फुगतं, गळती काढून बेल्ट लगेच बदलायचा.

पैसे परत मागितलेत, ते देणार नाही, कारण काम गरजेचं होतं. जुना बेल्ट आणि टेन्शनर डिकीत डाव्या बाजूला पिशवीत ठेवलेत. तुमच्या विश्वासातल्या कुठल्याही मेकॅनिकला दाखवा, फक्त त्याला चिरा विचारू नका, खाच गेजनं मोजायला सांगा. खाच शाबूत निघाली तर इथंच लिहा, दोन्ही पार्टचे आणि मजुरीचे पैसे त्याच दिवशी परत करतो. सोमवारी गॅरेज बंद असतं.