'ओके' म्हणजे 'झिरो किल्ड' नव्हे

लढाईत एकही सैनिक दगावला नाही की छावणीत 'झिरो किल्ड', थोडक्यात '0 K', अशी पाटी लागायची, त्यावरून 'ओके' आलं, हा मेसेज पुन्हा फिरतोय. कृपा करून पुढे ढकलू नका. या शब्दाचं मूळ तारखेसकट सापडलेलं आहे आणि ते या गोष्टीपेक्षा कितीतरी सरस आहे.

1838-39 च्या सुमारास अमेरिकेत बॉस्टनच्या वर्तमानपत्रांना आद्याक्षरांचं वेड लागलं होतं. गंमत म्हणून आधी स्पेलिंग मुद्दाम बिघडवायचं, मग त्याची आद्याक्षरं छापायची. 'ऑल करेक्ट'चं (all correct) केलं 'ओल कोरेक्ट' (oll korrect), त्याचं झालं 'ओ. के.'. 23 मार्च 1839 च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये दुसऱ्या एका संपादकाची फिरकी घेणारा मजकूर आहे. त्यात 'ओ. के.' आलंय आणि लगेच पुढे खुलासा, 'ऑल करेक्ट'. माझ्या मते सगळं मर्म त्या खुलाशात आहे. सगळ्यांच्या तोंडी असलेल्या शब्दाचा अर्थ कुणी शेजारी छापत बसत नाही. म्हणजे शब्द तेव्हा नवाकोरा होता.

तेव्हाची बहुतेक आद्याक्षरं विरून गेली. 'ओके' तगलं ते 1840 च्या निवडणुकीमुळे. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन किंडरहूक गावचे, म्हणून त्यांचं टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक', म्हणजे पुन्हा 'ओ. के.'. समर्थकांनी 'ओके क्लब' काढले. विरोधकांनी उलटी आवई उठवली, की आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नव्हतं, म्हणून ते कागदांवर 'ओ. के.' असा शेरा मारायचे. व्हॅन ब्यूरन हरले, शब्द मात्र घरोघर पोचला. पुढे तारयंत्रवाल्यांनीही तो उचलला.

आणि अर्थ बघा किती नेमका! 'तब्येत ओके आहे' यात कौतुक नाही, तक्रारही नाही. काम अडणार नाही, एवढंच. मुळातल्या 'ऑल करेक्ट'पेक्षा हा अर्थ बराच खाली उतरलाय आणि म्हणूनच तो कुठेही चालतो.

चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूलनिवासी भाषेतून हा शब्द आला असंही बरेच जण मानत. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन तर त्यामुळे 'ओकेह' असं लिहीत. हा घोळ निस्तरला कोलंबिया विद्यापीठाचे भाषा-अभ्यासक अ‍ॅलन वॉकर रीड यांनी. जुनी वर्तमानपत्रं चाळून त्यांनी 1963-64 मध्ये लेख लिहिले आणि एकेक दावा पुराव्यावर तपासला. फिरणाऱ्या मेसेजमध्ये त्यांचं नाव कधीच नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.