एक अंगावर, एक वलणीवर

आमच्या घरातलं लोखंडी कपाट उघडायची एक पद्धत आहे. आधी गुडघा दाराला टेकवायचा, मग किल्ली फिरवायची आणि अंगावर येणाऱ्या म्हशीला थोपवावं तसं दार सावकाश स्वतःकडे घ्यायचं. लेक बंगळुरूला नोकरीला लागल्यापासून हे विसरली असावी. मे महिन्यात चार दिवस आली होती. ओढणी हवी म्हणून तिने सरळ किल्ली फिरवली आणि तीन साड्या, एक परकर नि ब्लाउजपिसांनी भरलेली पिशवी तिच्या पायावर येऊन पडली.

"आई, तुला कॅप्सूल वॉर्डरोबची गरज आहे."

कॅप्सूल म्हटल्यावर जेवणाआधी की नंतर, हे विचारायचं तोंडावर आलं होतं. पण तिने वही काढली. मोजकेच कपडे ठेवायचे, तेही सगळे एकमेकांशी जुळणारे. 2010 साली अमेरिकेतल्या कोर्टनी कार्व्हर नावाच्या बाईंनी नेम घातला, तीन महिने फक्त 33 वस्तू. चपला, दागिने, पर्स धरून. तेहतीस म्हटलं की आमच्यासारख्यांना पुढे कोटी ऐकायची सवय, तर इथे प्रकरण तेहतिसातच आटोपलेलं.

अंतर्वस्त्रं, घरात नि झोपताना घालायचे कपडे आणि लग्नाची अंगठी मोजायची नाही म्हणे. अंगठी नाही म्हणजे मंगळसूत्रही नाही आणि जोडवीही नाहीत, असा निकाल मी परस्पर लावून टाकला. ठुशीवर मात्र आमचं वाजलं. आणि गाऊन मोजत नाहीत? बँकेतून परतले की मी राहिलेलं आयुष्य गाऊनमध्येच काढते. वरून ओढणी घेतली की तोच गाऊन वाण्याकडे चालतो, कुरिअरवाल्यापुढे चालतो, सोसायटीच्या मीटिंगलाही चालतो. इतका बहुगुणी कपडा हिशेबातच नाही म्हटल्यावर त्या हिशेबावरचा माझा विश्वास तिथेच डळमळला.

रविवारी सगळं कपाट पलंगावर रिकामं केलं. साड्याच 61 निघाल्या. लेक म्हणाली, "रंगांप्रमाणे लाव." आता आमच्याकडच्या साड्यांना रंग नसतात, नाती असतात. ही वन्संच्या वास्तुशांतीची, ही मामेसासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाची, ही कुणाच्या तरी मुंजीत मिळाली आणि पुढे कुणाच्या तरी मुंजीत द्यायची राहिली. शिवाय काही साड्या नेसायच्या नसतातच, त्या ठेवणीतल्या. ठेवणीतल्या साडीला "दोन वर्षांत किती वेळा नेसलीस?" असं विचारणं म्हणजे फिक्स्ड डिपॉझिटला तू रोज काय करतोस असं विचारण्यासारखं आहे.

मग पाया म्हणून तिने तीन रंग सांगितले. काळा, पांढरा, बेज. काळा मी संक्रांतीला हौसेने नेसते. एरवी कुणाच्या शुभकार्यात काळं नेसून गेले की सासूबाई आजही तोंडाने काही बोलत नाहीत, पण चहाही विचारत नाहीत. पांढरं घालून खाली उतरले की शेजारच्या काकू हळूच विचारतात, "कुणी गेलं का गं?" बेज म्हणजे मळलेला पांढरा. तो मी विकत का घ्यावा? आणि नवरात्रात रोजचा रंग वर्तमानपत्रात छापून येतो, डब्यातल्या सगळ्या जणी त्या रंगात असतात. तिथे नऊ दिवस बेज घालून चढले, तर डोंबिवलीच्या बायका मला दारातूनच परत उतरवतील.

तिने मग डॉना कॅरनचं उदाहरण दिलं. त्या बाईंनी 1985 साली न्यूयॉर्कमध्ये सात कपड्यांत बाईचं सगळं भागवून दाखवलं. 1985 साली माझी आई पाच साड्यांत भागवत होती. आजीकडे तर दोनच लुगडी होती, एक अंगावर, एक वलणीवर. लुगडं मध्ये विरलं की तेवढं कापून काढायची, उरलेले तुकडे जोडून दंड घालायची नि आणखी वर्षभर नेसायची. पुढे त्याची गोधडी व्हायची आणि शेवटी पायपुसणं. तिला कुणी मिनिमलिस्ट म्हणालं नाही. गरीबच म्हणाले.

तरीही मी नमते घेतलं. तीन ढीग केले. ठेवायचे, द्यायचे आणि 'बघू'. 'बघू'चा ढीग पलंगाएवढा झाला. त्यात माझी जांभळी इरकल होती आणि तिचा 1996 चा ब्लाउज. लेकीने तो दोन बोटांत धरला. "हा तुला होतो?" साडीचं एक बरं असतं, साडेपाच मीटर कापड कुणालाही होतं. तोंडघशी पाडतो तो ब्लाउज. मी तो उलटा करून दाखवला. कडेच्या शिवणीच्या आत आमच्या शिंप्याने चांगली दीड इंच माया सोडली होती. "उसवला की होईल." ती म्हणाली, "आई, हेच. हाच विचार सोडायचाय."

'द्यायच्या' ढिगासाठी बोहारीण बोलावली. तिने एकेक साडी उजेडाकडे धरली, पदर चिमटीत ओढून पाहिला. "विरलीय ताई. हिला जर नाही. ही नको." चौदा साड्यांवर, तासभर घासाघीस करून, झाकणाचा एक स्टीलचा डबा मिळाला. कपाटातली जागा मोकळी झाली. स्वयंपाकघरातल्या फळीवरची गेली.

जाताना लेकीने गणित मांडलं. कुर्ते 5, सलवारी-पँटी 4, ओढण्या 3. पाच चोक वीस, वीस त्रिक साठ. दोन महिने रोज नवा पोशाख! ही वही लिहिणाऱ्या बाईंचे कपडे बहुधा वाळत असणार. आमच्याकडे एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचातले दोन कुर्ते गॅलरीत ओले, एक पंख्याखाली दमट, एक इस्त्रीवाल्याकडे अडकलेला. चार खालच्यांपैकी कोरडी एकच, ती मोहरी रंगाची. ओढणी एक. एक गुणिले एक गुणिले एक. सलग चौथ्या दिवशी त्याच निळ्या कुर्त्यात मला पाहून काउंटरवरची मैत्रीण काळजीने म्हणाली, "घरी सगळं ठीक आहे ना?" त्या संध्याकाळी मी 'बघू'चा ढीग पलंगाखालून काढला आणि पुन्हा कपाटात कोंबला. गुडघ्यानेच.

तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात. लेकीचा फोन आला. मैत्रिणीचं लग्न आहे, सगळ्या जणी साडी नेसणार आहेत.

"आई, ती जांभळी इरकल बोहारणीला नाही ना दिलीस?"

"नाही."

"आणि ब्लाउज? मला होईल?"

"किती वाढलीस?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मी चष्मा लावला, ब्लेड घेतलं आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून, आत नवी टीप मारून ब्लाउज साडीबरोबर कुरिअरने पाठवून दिला. अर्धा इंच माया अजून उरली होती.

"पण मग तुझे 34 नाही झाले का गं?" मी विचारलं.

"उसनं मोजत नाहीत, आई."